खाज थांबली म्हणजे रोग गेला नव्हे

(सामान्य त्वचारोग आणि कुटुंबाचा डॉक्टर या विषयावरील भाषण)



सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट भल्या पहाटे सुरू होतो. उन्हाळ्यात बाहेर पारा ४० अंशांच्या वर चढलेला असतो आणि पत्र्याच्या छपराखाली, सुताच्या तुसात, घामाने निथळत कामगार आपली पाळी पुरी करीत असतो. अशा एखाद्या कामगाराच्या जांघेत एके दिवशी लालसर, गोल चट्टा उठतो. त्याची कड उंचावलेली असते, मधला भाग निवळलेला असतो आणि खाज तर अशी की रात्रीची झोप उडावी. जागा अवघड, म्हणून तो कोणापाशी बोलत नाही. पाळी सुटल्यावर औषधाच्या दुकानात जाऊन तो ‘खाजेचे मलम’ मागतो. दुकानदार एक लहानशी ट्यूब त्याच्या हातावर ठेवतो. दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि रोग गेला असे समजून तो मलम बंद करतो. थोड्याच दिवसांत चट्टा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो. पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. सहा महिन्यांनी तो डॉक्टरांसमोर उभा राहतो, तेव्हा चट्टे कमरेपासून मांडीपर्यंत पसरलेले असतात, जांघेतील कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उमटलेले असतात आणि घरात पत्नीला व मुलांनाही तोच विकार जडलेला असतो.

हे चित्र कोणा एका व्यक्तीचे नव्हे. साधारणतः २०१४ पासून देशभरातील त्वचारोगतज्ज्ञ ते दररोज पाहत आले आहेत. पूर्वी साध्या मलमाने दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा नायटा आज महिनोन् महिने हटत नाही. त्वचारोगाने सहसा कोणी दगावत नाही, म्हणून त्याकडे ‘किरकोळ’ म्हणून पाहण्याची सवय समाजाला आणि काही अंशी वैद्यक व्यवसायालाही लागली आहे. परंतु किरकोळ मानलेला हा रोग माणसाची झोप, रोजगार, संसारातील जवळीक आणि चारचौघांत वावरण्याचा आत्मविश्वास हिरावून घेतो. यास्तव त्याचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा.

पहिले दार

सोलापूर शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. त्याला जोडलेल्या सर्वोपचार रुग्णालयास लोक आजही ‘सिव्हिल’ म्हणूनच ओळखतात. तेथे त्वचारोगांचे तज्ज्ञ आहेत. परंतु मंगळवेढ्याचा ज्वारी पिकविणारा शेतकरी, विडी वळणारी स्त्री किंवा करमाळ्याच्या ऊसतोडीचा मजूर अंगावर चट्टा उठताच थेट तज्ज्ञाकडे जात नाही. तो गावातील किंवा गल्लीतील नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. कुटुंबाचा डॉक्टर हेच आरोग्यसेवेचे पहिले दार होय. त्या दारात रोगाची ओळख पटली तर पुढचे सारे सोपे होते. तेथे चूक झाली, किंवा रुग्ण त्या दाराला वळसा घालून परस्पर दुकानात गेला, तर पुढची वाट लांबते.

या जिल्ह्याचे हवामान आणि राहणीमान त्वचारोगांना अनुकूल आहे, हेही ध्यानी घ्यावयास हवे. दीर्घ उन्हाळा, घाम, दाट वस्ती आणि पाण्याची टंचाई या चार गोष्टी येथे एकत्र नांदतात. दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा येणारे पाणी भरून ठेवण्याचा अनुभव सोलापूरकरांना वर्षानुवर्षांचा आहे. जेथे पिण्याचे पाणी जपून वापरावे लागते, तेथे घामाचे कपडे रोज धुवा, हा उपदेश करणे सोपे आणि पाळणे अवघड. डॉक्टरांनी सल्ला देताना रुग्णाच्या घरातील हंडे-बादल्यांचाही हिशेब मनात धरला पाहिजे.

दुधारी औषध

मघाच्या त्या ट्यूबमध्ये असते तरी काय? बहुधा त्यात तीन-चार औषधांचे मिश्रण असते. एक बुरशीनाशक, एक जंतुनाशक आणि त्यांच्या जोडीला तीव्र स्वरूपाचे स्टिरॉइड. यांतील स्टिरॉइड हे वास्तविक वैद्यकशास्त्राला लाभलेले वरदान आहे. कॉर्टिसोनवरील संशोधनाबद्दल हेंच, केंडॉल व राइकस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९५२ मध्ये अमेरिकेतील सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील उपयोग दाखवून दिला. इसब, सोरायसिस यांसारख्या विकारांनी पिचलेल्या असंख्य रुग्णांना त्यामुळे दिलासा मिळाला.

मात्र हे औषध दुधारी आहे. लाली, सूज आणि खाज ही शरीराने रोगाशी मांडलेल्या झुंजीची चिन्हे असतात. स्टिरॉइड ती झुंजच थांबविते. इसबासारख्या विकारात शरीर अकारण झुंजत असते, म्हणून तेथे ते गुणकारी ठरते. नायट्यात समोर खराखुरा शत्रू असतो. तो म्हणजे त्वचेतील केराटिन या द्रव्यावर जगणारी बुरशी. तेथे स्टिरॉइड लावणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून चोराला घर मोकळे करून देणे होय. खाज थांबते, परंतु बुरशी आत पसरत राहते. चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते आणि नायटा इतका वेष पालटतो की अनुभवी डॉक्टरही चकावा. असा छुपा नायटा ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ सालीच ‘टिनिया इन्कॉग्निटो’ या नावाने वर्णिला होता.

याच औषधाचा दुसरा दुरुपयोग चेहऱ्यावर होतो. वांग घालविण्यासाठी किंवा रंग उजळण्यासाठी म्हणून मैत्रिणीच्या, शेजारणीच्या किंवा ब्यूटी पार्लरच्या सांगण्यावरून तरुणी अशी मलमे महिनोन् महिने लावतात. आरंभी चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे कातडी पातळ होऊन लाल पडते, मुरुमे येतात, लव वाढते आणि उन्हात पाऊल टाकताच चेहऱ्याची आग होते. मलम बंद करावे तर आग अधिकच भडकते. ती सोसवत नाही म्हणून पुन्हा तेच मलम लावले जाते. लग्नाच्या वयातील मुलीच्या वाट्याला येणारे हे दुःख आरशाबाहेर फारसे कोणाला दिसत नाही.

हा दुरुपयोग रोखण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने आवाज उठविला. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टिरॉइड द्रव्यांच्या मलमांना ‘शेड्यूल एच’खाली आणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून होणाऱ्या विक्रीस प्रतिबंध केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. तीत अशी काही मलमेही होती. कायदा झाला हे उचितच. परंतु औषधाची चिठ्ठी मागणारा दुकानदार आणि चिठ्ठी घेऊन जाणारा ग्राहक हे दोघे भेटतील, तेव्हाच कायद्याचा हेतू सफल होईल.

गजकर्ण : दोनचा नियम

अर्धवट उपचारांचा परिणाम एका रुग्णापुरता राहत नाही. या काळात भारतात बळावलेल्या एका बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. तिच्या अनेक उपप्रकारांवर टर्बिनाफिन हे एकेकाळचे हमखास औषध लागू पडत नाही. प्रवाशांबरोबर ती देशोदेशी पोहोचली असून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील रुग्णांत ती आढळल्याची नोंद झाली.

मग नायटा बरा होतो की नाही? निश्चित होतो, परंतु त्याला चिकाटी लागते. बुरशीनाशक मलमाबाबत लक्षात ठेवण्यास सोपा असा ‘दोनचा नियम’ आहे. मलम दिवसातून दोनदा लावावे, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावीत राहावे. चट्टे अनेक असतील तर पोटात घ्यावयाच्या गोळ्याही लागतात. त्या कोणत्या व किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावे. यकृताचा विकार, गर्भारपण आणि चालू असलेली इतर औषधे यांची चौकशी त्यापूर्वी आवश्यक असते. चट्टे वारंवार उठत असतील तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. घट्ट जीन्सऐवजी सैल सुती कपडे, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा आणि घरातील सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार, ही पथ्ये औषधाइतकीच महत्त्वाची आहेत. टॉवेल विणणाऱ्या शहरात घरटी एकच टॉवेल वापरला जावा, हे काही शोभणारे नाही.

पायांच्या बोटांतील चिखल्या हा याच कुळातील एक विकार. आषाढीस पंढरीची वाट पायी चालणारा वारकरी पावसात भिजलेल्या पायांनी मैलोन् मैल चालतो. मुक्कामाला पोहोचताच बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे, ही साधी गोष्ट त्याला अनेक त्रासांतून वाचविते. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत तर चिखलीची चीर म्हणजे पायाच्या गंभीर जखमेला उघडलेली वाट ठरू शकते.

खरूज : औषध एकाला नव्हे, घराला

रात्री अंथरुणात शिरताच खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती व जांघेत बारीक पुटकुळ्या दिसतात आणि घरात आणखी कोणी खाजवीत असते. एवढ्या खुणा जुळल्या की खरजेचे निदान बहुधा पक्के होते. डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक कीड कातडीत बोगदे करून अंडी घालते, हे तिचे कारण. अस्वच्छपणाचा शिक्का तिच्यावर विनाकारण बसला आहे. एका चादरीखाली दाटीवाटीने झोपणाऱ्या कोणत्याही कुटुंबात ती शिरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला, तो तिच्या व्यापकपणामुळेच.

खरजेच्या उपचारात नेमकी चूक कोठे होते? पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून ज्याला खाज आहे त्याच्याच अंगाला औषध लावले, तर ज्याला अद्याप खाज नाही त्याच्याकडून कीड पुन्हा परतते. घरातील सर्वांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखालीही, डॉक्टरांनी दिलेले परमेथ्रिनचे मलम लावावे, सकाळी स्नान करावे आणि आठवड्याने पुन्हा तसेच करावे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत डोक्याचाही विचार करावा लागतो, म्हणून त्यांच्यासाठी डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारावे. अंगावरील व अंथरुणातील कपडे गरम पाण्यात धुऊन सोलापूरच्या कडक उन्हात वाळवावेत. जे धुता येत नाहीत ते पिशवीत बांधून काही दिवस बाजूला ठेवावेत. कीड माणसाच्या अंगाबाहेर फार काळ तग धरीत नाही.

कीड मेली तरी खाज दोन-तीन आठवडे रेंगाळू शकते, हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर तो घाबरून रोज मलम फासत राहतो. उलट खरूज अंगावर काढली आणि खाजवून झालेल्या जखमा पिकल्या, तर लहान मुलांत त्या जंतूंच्या परिणामी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. डोळे-तोंड सुजलेले मूल डॉक्टरकडे आणले जाते, तेव्हा महिन्याभरापूर्वीची खरूज कोणाच्या ध्यानीही नसते.

न खाजणारा चट्टा

खाज थांबली म्हणजे रोग गेला नव्हे, तद्वतच खाज नाही म्हणजे रोग नाही, असेही नव्हे. अंगावर एखादा फिकट किंवा तांबूस चट्टा असतो. त्याला खाज नाही, दुखणे नाही. म्हणून रुग्ण दुसऱ्याच तक्रारीसाठी आलेला असतो आणि या चट्ट्याचा विषयही काढीत नाही. कापसाच्या वातीने तेथे हळुवार स्पर्श करावा. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो स्पर्श कळला नाही, तर कुष्ठरोगाची शंका घेतलीच पाहिजे. सारे फिकट डाग कुष्ठरोगाचे नसतात. शिबे असते, मुलांच्या गालावरील साधे पांढुरके डाग असतात, कोड असते. त्या सर्वांत स्पर्शज्ञान शाबूत राहते. कापसाच्या वातीला पैसे पडत नाहीत आणि तपासणीस एक मिनिट पुरते.

कुष्ठसेवेची थोर परंपरा महाराष्ट्राला लाभली आहे. मनोहर दिवाण, डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि बाबा आमटे यांनी ज्या काळात हे काम आरंभिले, त्या काळी खात्रीचा औषधोपचार हाताशी नव्हता. आज तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी शिफारस केलेले बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रांतून विनामूल्य मिळतात आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यताही झपाट्याने उणावते. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर हा रोग दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण या मर्यादेत आला. परंतु रोग कमी झाला म्हणजे संपला नव्हे. उलट क्वचित दिसणारा रोग डॉक्टरांच्या स्मरणातूनच जाण्याचा धोका असतो. उशीर झाला की मज्जातंतू निकामी होतात, बोटे वाकतात आणि गेलेली संवेदना सहसा परत येत नाही.

वेळ चुकू नये असा आणखी एक विकार म्हणजे नागीण. शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे फोड उठतात आणि आग होते. पूर्वी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून राहिलेला असतो, तोच पुन्हा डोके वर काढतो. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, या समजुतीला सुतराम आधार नाही. तथापि ती उतरविण्यात दिवस घालविणे घातक आहे, कारण विषाणूरोधक गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्यास त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास नेत्रतज्ज्ञाची भेट त्याच दिवशी घ्यावी.

काम काय करता?

त्वचेच्या रुग्णाला एक प्रश्न विचारल्यावाचून सोडू नये. काम काय करता? रंगाच्या द्रावणात हात घालणारा कामगार, ओले सिमेंट कालवणारा गवंडी, दिवसभर धुणी-भांडी करणारी मोलकरीण यांच्या हातांवरील इसब मलमाने तात्पुरते शमते. ज्यामुळे ते उद्भवले ती वस्तू हातापासून दूर होईपर्यंत ते समूळ जात नाही. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडला असेल, तर टिकलीच्या गोंदातील रसायनाचा संशय घ्यावा. दुखऱ्या जागी बिब्बा लावून अंगावर फोड आणणारे रुग्णही खेड्यापाड्यांत आढळतात.

शेतकऱ्याच्या बाबतीत गाजरगवताची चौकशी करावी. हे परदेशी गवत १९५० च्या दशकात पुणे परिसरात प्रथम लोकांच्या नजरेस आले आणि पुढे देशभर फैलावले. त्यापासून होणाऱ्या त्वचादाहाची पुण्यातील रुग्णांवरून केलेली नोंद १९७४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्या येथे इसब उठते आणि पावसाळ्यात गवत फोफावले की बळावते. ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचे मूळ दुखणे त्याच्याच बांधावर उगवलेले असते.

पाच मिनिटांचे मोल

या साऱ्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. चांगला उजेड, आडोशासाठी पडदा, कापसाची वात आणि पाच मिनिटे, एवढी सामग्री पुरते. चट्टा संपूर्ण उघडा करून पाहावा आणि त्याला हात लावावा. डॉक्टरांनी चट्ट्याला निःसंकोच स्पर्श केला की रुग्णाच्या मनातील निम्मी भीती तेथेच गळून पडते. घरात आणखी कोणाला आहे काय आणि आजवर काय काय लावले, हे दोन प्रश्न विचारावेत. रुग्णाला वापरलेली ट्यूब घेऊन यावयास सांगावे. तिच्यावरील बारीक अक्षरांत पुष्कळदा रोगाचा निम्मा इतिहास लिहिलेला असतो. निदान निश्चित नसेल तर स्टिरॉइड लिहू नये. ते आवश्यक असेल तेव्हा कोठे, किती आणि किती दिवस, हे तिन्ही सांगावे. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, हे माप अडाणी माणसालाही समजते. योग्य उपचारांनीही चार आठवड्यांत उतार पडला नाही, तर रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे. तसे करण्यात कोणताही कमीपणा नाही. ई-संजीवनी या शासकीय दूरवैद्यक सेवेमुळे प्रवासाचा खर्च न परवडणाऱ्यांनाही सल्ला मिळविण्याची सोय झाली आहे.

नागरिकांचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरील मलम स्वतःला लावू नये. अवघड जागेचे दुखणे लपवू नये. खाज थांबली म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नये.

जांघेतील तो पहिला गोल चट्टा पहिल्याच आठवड्यात कोणा डॉक्टरांनी पाहिला असता, तर त्या माग कामगाराचे सहा महिने वाचले असते. त्याची पत्नी आणि मुलेही त्या रोगापासून दूर राहिली असती. त्यासाठी त्याला एक संकोच ओलांडावयाचा होता आणि डॉक्टरांना पाच मिनिटे द्यावयाची होती. सोलापुरातील प्रत्येक गल्लीत ही दोन्ही पावले पडू लागली, तर औषधाच्या दुकानातील ती लहानशी ट्यूब आपोआपच आपल्या योग्य जागी, चिठ्ठीच्या मागे, जाऊन बसेल.